साडेबारा वर्षांनी तोच बँड: वावरातून महालक्ष्मीच्या मैदानावर कसं जायचं, आणि परत कसं यायचं

९ डिसेंबर २०१२. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मैदानावर मी गन्स एन’ रोझेस हा अमेरिकन रॉक बँड पहिल्यांदा प्रत्यक्ष ऐकला. तेव्हा मी अंधेरीत नोकरीला होते. कार्यक्रम संपला, रिक्षा केली, तासाभरात खोलीवर पोचले. त्यात शिकण्यासारखं काहीच नव्हतं.

१७ मे २०२५ला तोच बँड मुंबईत, महालक्ष्मी रेसकोर्सवर, पुन्हा आला तेव्हा मी अमरावती जिल्ह्यातल्या धामणगाव रेल्वे या गावापासून चौदा किलोमीटर आतल्या गावात राहत होते. पाच एकर वावर, दोन म्हशी, नऊ वर्षांचा मुलगा, सासूबाई, आणि लग्नसराईचा महिना. या वेळी प्रत्येक गोष्ट शोधून काढावी लागली. कॉलेजात किंवा नोकरीत असताना रॉकचं वेड लागलेली आणि नंतर गावी परतलेली माणसं यवतमाळ, वर्धा, अमरावतीच्या खेड्यांत पुष्कळ आहेत. आवडता बँड परत येतोय हे कळतं, आणि "आता कुठं जमतं" म्हणून विषय सोडून दिला जातो. जमतं. कसं जमतं ते क्रमानं सांगते. बँड कोणताही असो, पायऱ्या ह्याच राहतील.

१. आधी परतीची गाडी बघा, मग कार्यक्रमाचं तिकीट

आपण उलट करतो आणि तिथंच फसतो. तिकीट हातात येतं, आनंद होतो, मग लक्षात येतं की घरी यायला गाडीच नाही.

मुंबईतले मोकळ्या मैदानावरचे कार्यक्रम रात्री दहाच्या आसपास संपवावे लागतात, कारण रात्री १० ते सकाळी ६ मोकळ्या जागेत ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. विदर्भ एक्सप्रेस आणि अमरावती एक्सप्रेस या दोन्ही गाड्या मुंबईहून संध्याकाळीच सुटतात. म्हणजे त्या रात्री परत निघणं होत नाही. मुक्काम धरूनच चाला. शनिवारचा कार्यक्रम असेल तर शुक्रवारी संध्याकाळी इकडून निघा, शनिवारी सकाळी मुंबई, रविवारी संध्याकाळी तिकडून निघा, सोमवारी सकाळी गाव. तीन रात्री घराबाहेर. हे गणित घरच्यांना पहिल्याच दिवशी सांगून टाका.

आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी सकाळी ८ वाजता उघडतं. पूर्वी १२० दिवस होते, नोव्हेंबर २०२४ पासून ६० झाले. १८ मेच्या परतीच्या गाडीचं आरक्षण १९ मार्चला उघडतं, असं बोटावर मोजून कॅलेंडरवर लिहून ठेवा. मे महिन्यात लग्नं आणि शाळेच्या सुट्या एकदम येतात, त्यामुळे स्लीपर फार लवकर भरतो. ऑनलाइन काढलेलं तिकीट चार्ट लागल्यावरही पूर्ण वेटिंगमध्ये राहिलं तर ते आपोआप रद्द होतं आणि त्यावर गाडीत चढता येत नाही. आरएसी असेल तर बसायला जागा मिळते, जाता येतं. तत्काळ आदल्या दिवशी उघडतं, एसीचं १० वाजता आणि स्लीपरचं ११ वाजता. जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळसाठी रेल्वेचं खातं आधारशी जोडलेलं लागतं, ते आजच जोडून ठेवा.

अजून एक. अमरावती एक्सप्रेस बडनेऱ्याहून अमरावतीला वळते. धामणगाव, पुलगाव, वर्धेकडच्या माणसानं "अमरावतीपर्यंत तर येते ना" म्हणून ती धरली, तर बडनेऱ्याला उतरून पुन्हा पूर्वेकडची गाडी किंवा एसटी शोधावी लागते.

२. घरातली कामं लावून द्या

मे महिना म्हणजे आमच्याकडे वखरणी, वावरात शेणखत टाकणं आणि बियाण्याच्या पैशाची जुळवाजुळव. मी सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या निंबाखाली तूर निवडत बसल्या होत्या. हात थांबला नाही, मान वर झाली नाही. "जाय माय. पन दूध कोन काढीन, ते सांगून जाय."

तेवढाच प्रश्न होता, आणि तो बरोबर होता. यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, दूध काढता येतं, पण एक म्हैस माझ्याशिवाय कुणाला जवळ येऊ देत नाही. मग दहा दिवस आधीपासून संध्याकाळची धार यांनीच काढायची, मी नुसती बाजूला उभी राहायची, असं सुरू केलं. सातव्या दिवशी तिनं पान्हा सोडला. तुमच्याकडे म्हैस नसेल, दुकान असेल, अंगणवाडी असेल, आजारी माणूस असेल. ते काम दुसऱ्याच्या हातात बसवायला आठवडा-दहा दिवस द्या. जायच्या आदल्या रात्री सांगून ते होत नाही.

घरच्यांना बँडबद्दलही सांगा. मी मुलाला आणि यांना दोन-तीन गाणी ऐकवली, २०१२चं जपून ठेवलेलं तिकीट दाखवलं. आपण कशासाठी एवढं करतोय हे त्यांना कळलं की आठवडाभर सगळं घर मदतीला येतं.

३. बुकिंगच्या दिवशी: रेंज, पैसे, ओटीपी

अशी तिकिटं बुक माय शो किंवा तशाच अ‍ॅपवर ठरलेल्या वेळी उघडतात. वेळेच्या आधीच आत जाऊन बसायचं असतं. मग रांगेतला नंबर मिळतो. नंबर आला की मोजकी मिनिटं मिळतात, तेवढ्यात जागा निवडून पैसे भरायचे. पान पुन्हा उघडायचा मोह आवरा, बहुतेक वेळा रांगेतली जागा जाते.

आमच्या घरात रेंज फक्त स्लॅबवर, पाण्याच्या टाकीजवळ येते. मी दुपारच्या उन्हात डोक्याला दुपट्टा गुंडाळून तिथं बसले. नंबर आला, जागा निवडली, आणि बँकेचा ओटीपी आलाच नाही, कारण बँकेला जोडलेलं सिम दुसऱ्या फोनमध्ये होतं आणि तो फोन खाली चार्जिंगला. जिना उतरून येईपर्यंत वेळ संपली. पुन्हा रांगेत लागले, दुसऱ्या खेपेला मिळालं. त्यावरून शिकलेलं लिहिते.

बँकेचं सिम आणि बुकिंगचा फोन एकाच ठिकाणी, जिथं रेंज आहे तिथं असू द्या. शक्य झालं तर सरळ तालुक्याच्या गावी जा. दिवसा लाईन जाते, म्हणून फोन सकाळीच भरून ठेवा. वायफायवर विसंबू नका, लाईन गेली की राउटरही जातो.

नवीन फोनवर यूपीआय सुरू केलं असेल तर पहिले २४ तास ५,००० रुपयांवर पैसे जात नाहीत. फोन बदलायचा असेल तर आठवडाभर आधी बदला. तिकिटाच्या किमतीवर बुकिंग शुल्क आणि जीएसटी चढतो, म्हणून खात्यात थोडे जास्तीचे पैसे ठेवा.

तिकीट मिळालं नाही तर व्हॉट्सअ‍ॅपवर "एक जास्तीचं आहे" म्हणणाऱ्याला पैसे पाठवू नका. स्क्रीनशॉट विकला जातो, तोच क्यूआर कोड पाच जणांना विकला जातो, आणि गेटवर पहिला माणूस आत जातो. इकडून सातशे किलोमीटर जाऊन बाहेर उभं राहायची वेळ कुणावर येऊ नये. आयोजकांनी जाहीर केलेल्या जागेवरून मिळालं तरच घ्या.

४. तिकीट घरपोच येणार असेल तर पत्ता कुणाचा?

काही कार्यक्रमांत मोबाइलवरच तिकीट येतं. काहींत मनगटाचा पट्टा किंवा छापील तिकीट कुरिअरनं येतं, आणि बऱ्याच कुरिअरची गाडी आपल्या पिनकोडपर्यंत येत नाही. "पत्ता सापडला नाही" असा शेरा मारून ते पाकीट परत जातं. म्हणून अमरावती, नागपूर, पुणे, मुंबई, जिथं विश्वासाचं माणूस असेल तिथला पत्ता द्या आणि त्यांना आधी फोन करा. मैदानावर जाऊन पट्टा घेण्याची सोय असेल तर तीच निवडा.

५. आज त्या बँडमध्ये कोण आहे, ते बघून घ्या

बऱ्याच वर्षांनी जाणाऱ्यांनी हे टाळू नये. आपल्या डोक्यात बँड जुन्या वर्षातच थांबलेला असतो.

माझंच सांगते. २०१२ला मंचावर आठ जण होते, पण गिटारवाला स्लॅश नव्हता आणि बेस गिटारवाला डफ मॅककेगनही नव्हता. स्लॅश १९९६ला बाहेर पडला होता, डफ १९९७ला. १९८७च्या पहिल्या अल्बमची ती गिटार ज्यानं वाजवली, तोच माणूस समोर नव्हता. गायक अ‍ॅक्सल रोझ होता, तेवढ्यावर मी समाधानी होते, पण कुठंतरी एक रिकामी जागा राहिली होती. २०१६ला दोघं परत आले आणि त्याच वर्षी माझ्या पोटात मुलगा होता. त्यांचे व्हिडिओ मी रात्री म्हशीला वैरण टाकून झाल्यावर बघत असे.

२०२५ला मुंबईत आलेल्या बँडमधले तिघेच दोन्ही वेळा मंचावर होते: अ‍ॅक्सल, की-बोर्डवाला डिझी रीड आणि गिटारवर रिचर्ड फोर्टस. २०१२ला पाहिलेला ड्रमर फ्रँक फेरर मार्च २०२५ला बँड सोडून गेला आणि त्याच्या जागी आयझॅक कार्पेंटर आला. म्हणजे एका अर्थी मी अर्धा नवाच बँड बघायला चालले होते, आणि खरं तर तोच जुना.

दुसरी गोष्ट आवाजाची. अ‍ॅक्सलचा जन्म १९६२चा, या कार्यक्रमाच्या वेळी तो ६३ वर्षांचा होता. पंचविशीतला तो चिरका, वर चढणारा सूर आता तसाच येईल ही अपेक्षा ठेवू नका. महिनाभर आधीपासून त्याच दौऱ्यातल्या अलीकडच्या ध्वनिफिती ऐका. तिथं तुमचा कान सरावला की मैदानात पहिल्या ओळीला मन खट्टू होत नाही. मी काकडा-भजन म्हणणाऱ्या म्हाताऱ्या बुवांचे आवाज ऐकत मोठी झाले. घसा थकतो, पण कुठं थांबायचं आणि कुठं जोर लावायचा हे त्यांना तरुणांपेक्षा जास्त कळतं. अ‍ॅक्सलचंही तसंच वाटलं मला.

६. सोबत काय न्यायचं

कागदपत्रं आणि वस्तू:

- आधार किंवा दुसरं सरकारी ओळखपत्र, मूळ. तिकिटावर ज्याचं नाव आहे त्याचंच.
- मोबाइल तिकीट, आणि त्याची माहिती कागदावर लिहिलेली. काही अ‍ॅपमध्ये क्यूआर कोड कार्यक्रमाला काही तास उरले की मगच दिसतो, म्हणून अ‍ॅप लॉगिन करूनच ठेवा.
- रेल्वेची दोन्ही तिकिटं, मुक्कामाचा पत्ता आणि दोन फोन नंबर, कागदावर. गर्दीत नेटवर्क बसतं आणि फोनही बसतो.
- ओआरएसच्या दोन पुड्या, रोजची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह.
- फोमचे इअरप्लग. तालुक्याला मिळाले नाहीत तर आधीच मागवून ठेवा.
- वापरलेले, पायात बसलेले बूट. नवे नकोत, चप्पल तर नकोच.

मोठी बॅग, पाण्याची बाटली, छत्री, चांगला कॅमेरा, डबा, काडेपेटी हे साधारणपणे गेटवर अडवतात. पॉवर बँकेचा नियम कार्यक्रमागणिक बदलतो, आयोजकांची यादी वाचा. खर्रा, तंबाखू खिशात असेल तर तिथंच टाकून द्यावी लागेल. आत जेवणाचे भाव जबर असतात, आणि काही ठिकाणी रोख चालत नाही, पट्ट्यात पैसे भरावे लागतात. चार वाजता पोटभर जेवूनच आत जा.

उन्हाबद्दल थोडं. आपल्याला ४४-४५ अंशांची सवय आहे, म्हणून मुंबईचे ३४ किरकोळ वाटतात. पण आपल्याकडचा घाम लगेच वाळतो, तिकडचा वाळत नाही. अंग थंड होत नाही, आणि तीन तास उभं राहिल्यावर गरगरतं. दुपारपासूनच मीठ-साखरेचं पाणी पोटात जाऊ द्या.

७. गावातून दादर, दादरहून मैदान

एसटीत बाईमाणसाला मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, आणि मुक्कामी गाडीची वेळ वाहकाला विचारून ठेवा. परत येताना तिचाच उपयोग होतो. दुपारच्या गाडीनं धामणगावला या. शेवटच्या गाडीवर भरवसा ठेवून स्टेशनवर धावत येऊ नका.

मुंबईत शेवटपर्यंत जाऊ नका, दादरला उतरा. पुलावरून पश्चिम रेल्वेच्या बाजूला या आणि चर्चगेटकडे जाणारी धिमी लोकल धरा. प्रभादेवी, लोअर परळ, मग महालक्ष्मी. जलद गाडी महालक्ष्मीला थांबत नाही. रेसकोर्स स्टेशनच्या पश्चिमेला आहे, चालत जाता येतं. दोनशे एकरांहून मोठी जागा आहे ती, आणि गेट अनेक. तिकिटावरचा गेट क्रमांक बघूनच चाला, चुकीच्या गेटवरून फिरून येण्यात माझा अर्धा तास गेला.

कार्यक्रम होणार की नाही याचीही शेवटपर्यंत खबर ठेवा. मे २०२५च्या दुसऱ्या आठवड्यात सीमेवरचा तणाव वाढला, आयपीएल थांबली, आणि आमचंही काय होईल कळेना. मी रोज सकाळी आयोजकांच्या अधिकृत खात्यावर बघत होते, बाकीच्यांचे निरोप वाचणं बंद केलं. आयपीएल पुन्हा सुरू झाली ती त्याच शनिवारी.

८. मैदानात कुठं उभं राहायचं

पुढच्या कठड्याला चिकटायचं असेल तर दारं उघडायच्या आधी यावं लागतं, आणि मग बाथरूमलाही जाता येत नाही. ऐकायला आला असाल तर मंचासमोर, मैदानाच्या मध्याच्या जरा मागं एक बंदिस्त चौकोनी मांडव असतो, तिथं साउंडचा माणूस बसून सगळा आवाज जुळवतो. तो त्याच्या जागेवर जसं ऐकू येतं तसंच बसवतो. त्या मांडवाच्या अगदी पुढं किंवा बाजूला उभे राहा. मी तिथंच होते. मांडवाच्या लोखंडी कठड्याला टेकता येतं, हेही मोठं सुख.

मागं, लांबवर आणखी स्पीकरचे मनोरे असतात. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे शंभर मीटरवर तो पाव सेकंदाहून जास्त उशिरा पोचतो. म्हणून त्या मनोऱ्यांचा आवाज मुद्दाम तेवढाच उशिरा सोडलेला असतो. त्या मनोऱ्याच्या समोर उभे राहिलात तर चालेल, त्याच्या पाठीमागं जाऊ नका, तिथं सगळं घुमतं.

सोबत कुणी असेल तर आत शिरताच भेटायची जागा ठरवा, "पाण्याच्या स्टॉलची उजवी बाजू" इतकी नेमकी. फोन लागत नाहीत. २०१२ला मी आणि मैत्रीण तासभर एकमेकींना शोधत होतो. बायकांची बाथरूमची रांग मुख्य बँड सुरू व्हायच्या आधी प्रचंड वाढते, तासभर आधीच जाऊन या.

आणि मग ते होतं. स्वीट चाइल्ड ओ’ माइन या गाण्याची गिटारवरची सुरुवात २०१२ला मी दुसऱ्याच्या हातून ऐकली होती. या वेळी मोठ्या पडद्यावर हॅटखालून स्लॅशचा चेहरा दिसत नव्हता, नुसती बोटं दिसत होती, त्याच तारांवर वरखाली. शेजारी पन्नाशीचे एक गृहस्थ होते, त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि परत लावेपर्यंत गाणं सुरू झालं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. आम्ही दोघंही काही बोललो नाही. ती रिकामी जागा भरली, एवढं मला त्या क्षणी पक्कं कळलं.

९. दहा वाजल्यानंतर

शेवटचं गाणं चुकवून लवकर निघू नका. हा बँड वर्षानुवर्षं शेवट पॅराडाइज सिटी या गाण्यानं करतो, तेवढ्यासाठी थांबा. मग गर्दी ओसरेपर्यंत वीस मिनिटं तिथंच बसा, पाणी प्या. लगेच टॅक्सी शोधलीत तर भाडं दुप्पट सांगतात आणि गाडी जागची हलत नाही. स्टेशनपर्यंत चालत जाऊन लोकल धरणं सगळ्यांत चांगलं. शेवटच्या लोकलची वेळ दुपारीच बघून ठेवा. कल्याण-डोंबिवलीच्या नातेवाइकांकडे जायचं असेल तर दादरला बदलायला वेळ धरा. महालक्ष्मीला गर्दी फार झाली तर परळ भागातलं साधं लॉज आधीच ठरवलेलं बरं.

दुसऱ्या दिवशीचा सापळा: रविवारी मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक (रुळांच्या कामासाठी लोकल बंद किंवा उशिरा) असतो, बहुतेक सकाळी उशिरापासून दुपारी उशिरापर्यंत. कल्याणहून दादरला किंवा मुंबईला येऊन संध्याकाळची विदर्भ धरायची तर तो वेळ हिशोबात घ्या. खरं तर त्या गाडीला कल्याणचा थांबा आहे, मुक्काम तिकडे असेल तर आरक्षण करतानाच चढण्याचं स्टेशन कल्याण टाका.

१०. कान

८५ डेसिबल (आवाज मोजायचं माप) एवढा आवाज कानाला आठ तास चालतो. त्यावर दर ३ डेसिबलला वेळ अर्धा होतो, म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. रॉकच्या मैदानावर शंभर सहज होतं, आणि हा बँड अडीच-तीन तास वाजवतो. म्हणून इअरप्लग. बोटांत दाबून बारीक वळायचा, दुसऱ्या हातानं डोक्यावरून कान वर ओढायचा, प्लग आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत तीसेक सेकंद बोट ठेवायचं. नुसता कानाच्या तोंडाशी ठेवला तर काही उपयोग नाही. आवाज कमी होतो, गाणं कमी होत नाही. उलट शब्द जास्त स्पष्ट ऐकू येतात.

परत आल्यावर कानात शिट्टी वाजत राहिली तर एक-दोन दिवस शांततेत राहा. त्यानंतरही राहिली तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा, "होईल बरं" म्हणून सोडू नका. आणि तोवर वरातीच्या डीजेसमोर उभं राहू नका. मे महिन्यात रोज एक वरात असते. मंगळवारी आमच्या गल्लीतून एक निघाली, तेव्हा मी मुलाचा हात धरून पार मागं, आहेराच्या बंडीजवळून चालले.